क्लेअरचा २०२४ चा हंगाम: हर्लिंगमध्ये हरण्याची किंमत कधी किती असते

२०२४ च्या उन्हाळ्यात आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातल्या तीन काउंट्या हर्लिंगच्या मैदानावर एकमेकींसमोर दोन-दोनदा आल्या. लिमरिकने क्लेअरला दोन्ही वेळा हरवलं. कॉर्कने लिमरिकला दोन्ही वेळा हरवलं. आणि क्लेअरने कॉर्कला दोन्ही वेळा हरवलं. तिघींचा आपसातला हिशेब अगदी सारखा. तरी देशाचा विजेता म्हणून कप उचलला तो क्लेअरने, कॉर्कला उपविजेतेपदावर थांबावं लागलं आणि लिमरिकचा प्रवास उपांत्य फेरीतच संपला.

हे असं कसं झालं, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. कोण कधी हरलं आणि त्या वेळी हरण्याची किंमत किती होती, हे कळलं की हर्लिंगचा अख्खा हंगाम कळतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा हंगाम फार गुंतागुंतीचा वाटतो. लीग वेगळी, चॅम्पियनशिप वेगळी, प्रांताचा कप वेगळा, देशाचा वेगळा. एखादा संघ मोठा अंतिम सामना हरतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मैदानात दिसतो, तेव्हा तर डोकं चक्रावतं. म्हणून एकाच संघाचं बोट धरून जाऊ. क्लेअरचं २०२४ हे वर्ष त्यासाठी फार चांगलं आहे, कारण त्या एका वर्षात या रचनेचा जवळजवळ प्रत्येक कोपरा त्यांनी पाहिला.

आधी खेळ

हर्लिंग एका संघात पंधरा जणांचा खेळ. प्रत्येकाच्या हातात टोकाला रुंद, चपटी होत गेलेली लाकडी काठी. तिला हर्ली म्हणतात आणि ती परंपरेने अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. चेंडू चामड्याचा, लहान, कडक. त्याला स्लिटर म्हणतात. जमिनीवर पडलेला चेंडू थेट हाताने उचलायचा नाही, काठीने किंवा पायाने उडवून मगच हातात घ्यायचा. हातात धरून चार पावलांच्या पुढे जायचं नाही. पुढे पळायचं असेल तर चेंडू काठीच्या पात्यावर तोलत किंवा उडवत पळावं लागतं, तेही अंगावर प्रतिस्पर्धी आदळत असताना. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. काउंटीचा वरिष्ठ सामना ७० मिनिटांचा असतो. २०१० पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे.

गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून चेंडू गेला तर एक गुण. दांडीच्या खाली, जाळ्यात गेला तर गोल, आणि त्याचे तीन गुण. धावफलकावर मात्र हे दोन्ही वेगळे लिहितात. ३-२९ असं दिसलं तर त्याचा अर्थ तीन गोल आणि २९ गुण, एकूण ३८. या पद्धतीची सवय होईपर्यंत थोडा त्रास होतो, पण ती शिकण्यासारखी आहे, कारण तिच्यातून सामन्याचा स्वभाव समजतो. एका संघाने दुरूनच चेंडू दांडीवरून मारत राहायचं ठरवलं की दुसऱ्याने बचाव फोडून आत घुसायचं, हे नुसत्या आकड्यांत वाचता येतं. चांगला खेळाडू स्वतःच्या अर्ध्या भागातूनही गुण मिळवू शकतो. त्यामुळे हर्लिंगमध्ये मैदानाचा कुठलाच कोपरा सुरक्षित नाही आणि पाच-सहा गुणांची आघाडी दोन-तीन मिनिटांत वितळू शकते.

हा खेळ आणि गेलिक फुटबॉल चालवणारी संस्था म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, जीएए. तिची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावात, हेज हॉटेलात झाली. आयर्लंडवर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं आणि आपले खेळ आपल्या हाती राहावेत ही त्यामागची कळकळ होती. आजही संस्थेचा सगळा डोलारा गावागावांतल्या क्लबवर उभा आहे.

काउंटी म्हणजे नेमकं कोण

हर्लिंगच्या हंगामाची ताकद कळायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. काउंटीकडून खेळणाऱ्याला पगार मिळत नाही. प्रवासखर्च वगैरे मिळतो, पण खेळ हा व्यवसाय नाही. शिक्षक, अभियंते, शेतकरी, विद्यार्थी असे हे लोक दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येतात, आणि उन्हाळ्यात एखाद्या रविवारी ८२ हजार लोकांसमोर क्रोक पार्कवर, म्हणजे जीएएच्या डब्लिनमधल्या मुख्य मैदानावर, उतरतात.

शिवाय खेळाडूची खरेदी-विक्री नाही. रणजी क्रिकेटमध्ये एखादा खेळाडू ना-हरकत पत्र घेऊन दुसऱ्या राज्याच्या संघात जातो आणि त्यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. इथे लहानपणी ज्या गावच्या क्लबमध्ये काठी हातात घेतली, सहसा त्याच क्लबचे तुम्ही, आणि त्या क्लबची जी काउंटी तीच तुमची काउंटी. क्लेअरचा टोनी केली बॅलीआ या छोट्या क्लबचा. शेन ओडॉनेल एनिसच्या एरे ओग क्लबचा. मार्क रॉजर्स स्कॅरिफचा. संघात एखादी जागा कच्ची असेल तर बाहेरून माणूस विकत आणता येत नाही. ती जागा भरणारा मुलगा आपल्याच कुठल्यातरी गावात घडावा लागतो. क्लेअरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे आणि कॉर्कची पावणेसहा लाखांहून अधिक. अंतिम सामन्यात हे दोघं एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा मागची ही तफावत आठवावी. मला या खेळाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथेच.

आयर्लंड बेटावर ३२ काउंट्या आहेत, पण वरच्या दर्जाचं हर्लिंग दहा-बारा काउंट्यांतच खेळलं जातं, तेही मुख्यतः दक्षिणेत, पूर्वेला आणि पश्चिमेच्या गॉलवेत. बाकी ठिकाणी फुटबॉलचं प्रस्थ. मन्स्टर प्रांताच्या वरिष्ठ हर्लिंगमध्ये पाच काउंट्या आहेत: क्लेअर, कॉर्क, लिमरिक, टिपरेरी आणि वॉटरफर्ड. या पाचांपैकी एकालाही दुबळं म्हणायची सोय नाही.

पूर्वी एकदा हरलं की वर्ष संपायचं

जीएएच्या सुरुवातीपासून सुमारे शंभर वर्षं चॅम्पियनशिप निव्वळ बाद पद्धतीची होती. मन्स्टरचा पहिला सामना मे महिन्यात हरलात, तर पुढच्या वर्षीच्या मे महिन्याची वाट पाहायची. क्लेअरला याची झळ इतरांपेक्षा जास्त बसली. त्यांनी १९१४ मध्ये ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं विजेतेपद जिंकलं आणि त्यानंतर थेट १९९५ मध्ये. मधल्या ८१ वर्षांत अनेक चांगले संघ येऊन गेले. १९७७ आणि १९७८ मध्ये तर क्लेअरने लागोपाठ लीग जिंकली, पण मन्स्टरमधून बाहेर पडणं काही जमलं नाही.

१९९७ मध्ये नियम बदलला. मन्स्टर आणि लेन्स्टर या प्रांतांच्या अंतिम सामन्यांत हरलेल्यांनाही पुढे जायची वाट उघडली. लोक तिला मागचं दार म्हणू लागले. त्याच वर्षी क्लेअरने मन्स्टरच्या अंतिम सामन्यात टिपरेरीला हरवलं आणि नव्या नियमामुळे तीच टिपरेरी सप्टेंबरमध्ये ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यात पुन्हा समोर आली. क्लेअर ०-२०, टिपरेरी २-१३. एका गुणाने क्लेअर जिंकली. एकदा हरवलेल्याला दुसऱ्यांदा हरवावं लागणं हा अन्याय आहे की न्याय, यावर तेव्हा भरपूर वाद झाले. त्या दोन्ही सामन्यांत क्लेअरच्या बचावफळीच्या मधोमध, गोलसमोर उभा होता तो ब्रायन लोहन, लाल हेल्मेटवाला. हाच लोहन २०१९ च्या अखेरीस क्लेअरचा मॅनेजर झाला आणि २०२४ चा हंगाम त्याच्याच हाताखाली खेळला गेला. मागच्या दाराचा त्रास ज्याने खेळाडू म्हणून सोसला, त्याच्याच संघाला पुढे हरूनही पुढे जाण्याचा फायदा झाला.

आजची रचना २०१८ पासूनची आहे. मधली कोविडची दोन वर्षं सोडायची. वर्षाचे तीन टप्पे पडतात. साधारण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत लीग. एप्रिल-मे-जून प्रांताची साखळी आणि प्रांताचा अंतिम सामना. मग जुलै अखेरपर्यंत ऑल-आयर्लंडचे बाद सामने. त्यानंतर काउंटीचे कपडे घडी करून ठेवायचे आणि खेळाडूंनी आपापल्या क्लबकडे परतायचं.

लीग: हरलं तरी चालतं

लीगमध्ये हरण्याची किंमत सर्वांत कमी. २०२४ मध्ये पहिल्या विभागात बारा संघ सहा-सहाच्या दोन गटांत होते आणि प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत. त्या वर्षी लीगला एक जास्तीचं महत्त्व होतं, कारण पुढच्या वर्षी सात संघांचा नवा वरचा गट होणार होता आणि त्यातल्या जागा इथल्या कामगिरीवर ठरणार होत्या. तरीसुद्धा मॅनेजर मंडळी लीगकडे मुख्यतः चाचपणी म्हणून पाहतात. चिखलाची मैदानं, थंडी, नवी पोरं, मागच्या वर्षीच्या दुखापतीतून सावरणारे जुने खेळाडू. फेब्रुवारीतल्या पराभवाने कुणाची झोप उडत नाही.

यातून एक गैरसमजही पसरला आहे की लीग जिंकणं जणू अपशकुन. २०१६ मध्ये क्लेअरने लीग जिंकली आणि चॅम्पियनशिपमध्ये उपांत्यपूर्व फेरीतच त्यांचा खेळ आटोपला, तेव्हा या समजाला आणखी बळ मिळालं. मला तो कधीच पटला नाही. लिमरिकने २०२० आणि २०२३ मध्ये लीग आणि ऑल-आयर्लंड दोन्ही जिंकले. भर हिवाळ्यात जिंकायची सवय लागलेला संघ उन्हाळ्यात बिघडतो, याला काही आधार नाही. फक्त लीग संपते आणि चॅम्पियनशिप सुरू होते यांच्यामधलं अंतर फार कमी असतं, आणि जो लीगमध्ये शेवटपर्यंत टिकतो त्याला विश्रांती कमी मिळते, एवढं खरं.

क्लेअरने उपांत्य फेरीत टिपरेरीला आणि ६ एप्रिलला थर्ल्सच्या सेंपल स्टेडियममध्ये अंतिम सामन्यात किलकेनीला हरवलं. क्लेअर ३-१६, किलकेनी १-२०. गुण मोजले तर २५ विरुद्ध २३. हा विजय टोनी केलीशिवाय मिळाला होता. घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांचा कर्णधार आणि सर्वांत हुशार खेळाडू त्या काळात बाहेर होता. लीगचा खरा उपयोग असा असतो: मोठा माणूस नसताना बाकीचे काय करतात, ते कळतं. पुढे जुलैमध्ये जे घडलं त्याची अर्धी तयारी इथे झाली, असं मी मानतो. शिवाय समोर किलकेनी होती. २०२२ आणि २०२३, सलग दोन वर्षं ऑल-आयर्लंडच्या उपांत्य सामन्यात याच किलकेनीने क्लेअरला घरी पाठवलं होतं.

मन्स्टरची साखळी: इथे प्रत्येक गुण मोजला जातो

लीगचा अंतिम सामना होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच, २१ एप्रिलला, मन्स्टरची साखळी सुरू झाली. पाच संघ, प्रत्येकाचे चार सामने, दोन घरी आणि दोन बाहेर. जिंकलं तर दोन गुण, बरोबरीला एक. पहिले दोन संघ मन्स्टरचा अंतिम सामना खेळतात. तिसरा प्रांताच्या कपातून बाहेर पडतो, पण ऑल-आयर्लंडमध्ये एका पायरी खालून प्रवेश मिळवतो. चौथा आणि पाचवा यांचं वर्ष मे महिन्यातच संपतं.

पाचांतले दोन मे महिन्यातच घरी. पाचही संघ देशाचा कप जिंकायच्या ताकदीचे असताना हा नियम किती कठोर आहे, ते वॉटरफर्डला विचारावं. २०१८ पासून २०२५ पर्यंत त्यांना या साखळीतून एकदाही पुढे जाता आलेलं नाही.

क्लेअरचा पहिला सामना एनिसमध्ये, घरच्या मैदानावर, लिमरिकशी. लिमरिकने मागची चारही ऑल-आयर्लंड विजेतेपदं जिंकली होती आणि सलग पाचवं मिळवायचं होतं. तसं कुठल्याही काउंटीने कधीच केलेलं नाही. क्लेअर नऊ गुणांनी पुढे होती. मग लिमरिकने गोल करायला सुरुवात केली आणि सामना क्लेअरच्या हातातून निसटला. लिमरिक ३-१५, क्लेअर १-१८. तीन गुणांनी हार. दांडीवरून जास्त वेळा मारलं होतं क्लेअरने, पण तीन गोलांनी तो हिशेब उलटवला. गोल आणि गुण यांतला फरक ज्याला अजून नीट उमगला नसेल, त्याने हा सामना पाहावा.

इथपर्यंत किंमत जड असली तरी परवडणारी होती. चार सामन्यांतला एक गेला होता. पण आता चुकायला जागा उरली नव्हती, आणि पुढचा सामना सातच दिवसांनी कॉर्कच्या पार्क ई क्विव मैदानावर, गर्दीने भरलेल्या कॉर्कमध्ये. क्लेअर ३-२६, कॉर्क ३-२४. दोन गुणांनी जीव वाचला. कॉर्क त्याआधी वॉटरफर्डकडूनही हरली होती, म्हणजे दोन सामने आणि शून्य गुण. एप्रिल संपायच्या आतच कॉर्कचं वर्ष संपल्यात जमा झालं होतं. त्यानंतर ११ मे रोजी त्यांनी घरच्या मैदानावर लिमरिकला ३-२८ विरुद्ध ३-२५ असं हरवलं आणि आशा जिवंत ठेवली.

आता १९ मेचा एनिसमधला सामना नीट पाहा. क्लेअर विरुद्ध वॉटरफर्ड. क्लेअर ४-२१, वॉटरफर्ड २-२६. एकूण ३३ विरुद्ध ३२. एका गुणाचा फरक. या एका गुणावर किती गोष्टी टांगलेल्या होत्या, ते तेव्हा मैदानावरच्या कुणालाही पुरतं दिसत नव्हतं. साखळी संपली तेव्हा लिमरिक आणि क्लेअर प्रत्येकी ६ गुणांवर, कॉर्क ४, वॉटरफर्ड ३ आणि टिपरेरी १. समजा त्या दिवशी एनिसमध्ये बरोबरी झाली असती आणि बाकी सगळे निकाल तसेच राहिले असते, तर वॉटरफर्डचे ४ गुण झाले असते, कॉर्कइतकेच. दोन संघांचे गुण समान असले की त्या दोघांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल पाहतात, आणि तो सामना वॉटरफर्डने जिंकला होता. म्हणजे कॉर्क बाहेर, वॉटरफर्ड आत. क्लेअरने एका गुणाने जिंकून स्वतःला वाचवलं आणि जुलैमधल्या आपल्याच प्रतिस्पर्ध्यालाही जिवंत ठेवलं.

गुणतक्ता वाचायला शिकवताना मी नेहमी हाच सामना पुढे करतो. साखळी स्पर्धेत आपण खेळतो आपला सामना, पण त्याचं फळ कुणाच्या झोळीत पडेल ते सांगता येत नाही.

२६ मे रोजी थर्ल्समध्ये क्लेअरने टिपरेरीला तीन गुणांनी हरवून अंतिम सामन्यातली जागा पक्की केली. टिपरेरीचं वर्ष तळाला संपलं.

प्रांताचा कप: इथली किंमत वेगळी

९ जून, सेंपल स्टेडियम, मन्स्टरचा अंतिम सामना. लिमरिक १-२६, क्लेअर १-२०. सहा गुणांचा स्पष्ट पराभव. लिमरिकचं हे सलग सहावं मन्स्टर विजेतेपद. क्लेअरचा सलग तिसऱ्या वर्षी मन्स्टर अंतिम सामन्यात त्याच लिमरिककडून पराभव. २०२२ मध्ये जादा वेळेत, २०२३ मध्ये एका गुणाने, आणि आता हा.

नियमाच्या भाषेत या पराभवाची किंमत फक्त एक सामना. प्रांताचा विजेता थेट ऑल-आयर्लंडच्या उपांत्य फेरीत जातो. उपविजेत्याला आधी उपांत्यपूर्व सामना खेळावा लागतो. २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला त्याही आधी एक प्राथमिक सामना होता, समोर दुसऱ्या स्तरावरच्या जो मॅकडोनाह कपमधला अंतिम फेरीतला संघ. कॉर्कने तिथे ऑफलीला हरवलं, मग उपांत्यपूर्व फेरीत डब्लिनला.

पण मन्स्टरच्या माणसाला विचाराल तर किंमत एवढ्यावर भागत नाही. मन्स्टरचा कप हा त्यांच्या दृष्टीने देशाच्या कपाची पायरी नव्हे, तो स्वतःच एक शिखर आहे. क्लेअरने तो शेवटचा जिंकला १९९८ मध्ये. २०१३ मध्ये देशाचं विजेतेपद मिळालं, २०२४ मध्ये पुन्हा मिळालं, पण मन्स्टर नाही. देश जिंकला आणि प्रांत राहून गेला, असं दोनदा झालेली ही काउंटी. ज्या मुलांचा जन्म १९९८ नंतरचा, त्यांनी आपल्या काउंटीला हा कप उचलताना कधी पाहिलेलंच नाही. ऑल-आयर्लंड जिंकल्यावरही ही हुरहुर क्लेअरमध्ये शिल्लक आहे आणि ती खोटी नाही.

बाद फेरी: आता हार म्हणजे शेवट

२२ जूनला थर्ल्समध्ये वेक्सफर्डला २-२८ विरुद्ध १-१९ असं सहज हरवलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

६ जुलै, क्रोक पार्क, उपांत्य सामना, समोर पुन्हा किलकेनी. सलग तिसऱ्या वर्षी हीच फेरी, हाच प्रतिस्पर्धी. किलकेनीने दोन गोल केले. क्लेअरने एकही नाही. पण दांडीवरून त्यांनी २४ वेळा चेंडू घातला. किलकेनी २-१६, म्हणजे २२. क्लेअर ०-२४. मागे पडूनही धीर न सोडता एकेक गुण वेचत दोन गुणांनी जिंकलेला हा सामना. एप्रिलमध्ये लिमरिकच्या तीन गोलांनी ज्यांना पाडलं होतं, त्यांनी जुलैमध्ये एकही गोल न करता दोन गोल करणाऱ्या संघाला हरवलं.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात कॉर्कने लिमरिकला १-२८ विरुद्ध ०-२९ असं दोन गुणांनी नमवलं. लिमरिकचा वर्षातला चॅम्पियनशिपमधला हा दुसराच पराभव. पहिला मे महिन्यात झाला होता आणि त्यातून फारसं काही बिघडलं नव्हतं, ते मन्स्टरचे विजेते झालेच. दुसरा जुलैमध्ये झाला आणि सलग पाचव्या विजेतेपदाचं स्वप्न तिथेच संपलं. क्लेअरही चॅम्पियनशिपमध्ये दोनदाच हरली होती. फक्त त्यांचे दोन्ही पराभव जिथे सोसता आले असते तिथेच झाले.

२१ जुलै

अंतिम सामना पाहायला क्रोक पार्कवर ८२,३०० लोक. कॉर्कने २००५ नंतर ऑल-आयर्लंड जिंकलेलं नव्हतं आणि एवढ्या मोठ्या, हर्लिंगवेड्या काउंटीसाठी हा फार मोठा दुष्काळ. मैदान लाल रंगाने भरून गेलं होतं. सुरुवातही कॉर्कचीच. रॉबर्ट डाउनीच्या गोलमुळे त्यांनी लवकरच सात गुणांची आघाडी घेतली. अशा वेळी अनेक संघ खचतात. एडन मॅकार्थीने गोल करून क्लेअरला परत सामन्यात आणलं. उत्तरार्धाच्या सुरुवातीला मार्क रॉजर्सचा गोल.

आणि मग टोनी केलीचा. लीगमध्ये दुखापतीमुळे बाहेर बसलेला हा माणूस बचावपटूंच्या गराड्यातून चेंडू काठीवर खेळवत निघाला. समोरच्याला हुलकावणी देताना चेंडू पात्यावरून उचलला, पुढे घेतला आणि जाळ्यात मारला. मी पाहिलेल्या गोलांमध्ये इतक्या मोठ्या दिवशी, इतक्या थंड डोक्याने केलेला गोल दुसरा आठवत नाही. त्या क्षणी एवढ्या वेगात हात, काठी आणि चेंडू एकत्र ठेवणं, हेच हर्लिंगचं सगळं कौशल्य. केलीच्या नावावर त्या दिवशी १-४ लागले.

तरीही सामना संपेना. कॉर्कच्या पॅट्रिक हॉर्गनने शेवटी फ्री, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेला मोकळा फटका, मारून बरोबरी साधली. निर्धारित वेळेत दोन्ही संघांचे ३० गुण. दहा-दहा मिनिटांची जादा वेळ. सत्तर मिनिटं जीव तोडून पळालेली माणसं, उन्हाळ्याची दुपार, आणि पुन्हा वीस मिनिटं. शेवटी क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. गुणांत ३८ विरुद्ध ३७. अगदी अखेरच्या क्षणी कॉर्कच्या रॉबी ओफ्लिनचा बरोबरीचा फटका बाहेर गेला. फटका मारताना त्याची जर्सी ओढली गेल्याचं छायाचित्रांत दिसतं, पण शिट्टी वाजली नाही. कॉर्कचे लोक ही गोष्ट अजून विसरलेले नाहीत, आणि त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे.

या सामन्यातही दांडीवरून जास्त वेळा कॉर्कनेच मारलं, पाच जास्त. क्लेअरने गोल दोन जास्त केले, म्हणजे सहा गुण. फरक एकाचा.

क्लेअरचं हे पाचवं ऑल-आयर्लंड: १९१४, १९९५, १९९७, २०१३ आणि २०२४. त्यांनी लीग आणि ऑल-आयर्लंड एकाच वर्षी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. २०१३ च्या फेरसामन्यात, तेव्हाही कॉर्कविरुद्धच, १९ वर्षांच्या शेन ओडॉनेलने तीन गोल केले होते. अकरा वर्षांनी तोच ओडॉनेल २०२४ चा सर्वोत्तम हर्लर ठरला. मधल्या काळात त्याने सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट केली आणि २०२१ मध्ये डोक्याला झालेल्या गंभीर दुखापतीतून तो परतला. पगारी खेळाडू नसल्यामुळे त्याला या सगळ्यासाठी आपलं आयुष्य स्वतःच बसवावं लागलं.

पुढचं वर्ष

विजेत्याला या रचनेत कसलीही सवलत नाही. २०२५ च्या लीगमध्ये क्लेअर वरच्या गटातून खाली घसरली आणि मन्स्टरच्या साखळीत पहिल्या तीनात येऊ शकली नाही. देशाच्या विजेत्यांचं वर्ष मे महिन्यात संपलं. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की साखळीतल्या शेवटच्या सामन्यात त्यांनी लिमरिकला लिमरिकमध्येच हरवलं.

आणि २०२५ चं ऑल-आयर्लंड जिंकलं टिपरेरीने, अंतिम सामन्यात कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असं हरवून. हीच टिपरेरी आदल्या वर्षी मन्स्टरच्या गुणतक्त्यात चार सामन्यांत एका गुणावर, सर्वांत तळाला होती.